ओळख न दाखवणारा माणूस शिष्टच असतो का?

पर्वतीपायथा | मंगळवार, रात्री १०:४२

मी चष्म्याच्या दुकानात बसतो. टिळक रोडला लागून एका बोळात आहे, वडिलांच्या वेळचं. दिवसाला वीस-पंचवीस माणसं माझ्यासमोर स्टुलावर बसतात. मी हातभर अंतरावरून त्यांच्या तोंडाकडे बघतो, नाकावर पट्टी धरून दोन बुबुळांमधलं अंतर मोजतो. ६२, ६४, कधी ५८. कान खालीवर आहेत का, नाकाचं हाड कुठे मोडलंय, एक भुवई जास्त चढते का, सगळं मला दिसतं. आणि तोच माणूस चार दिवसांनी चष्मा न्यायला आला की मी विचारतो, "बोला, काय हवंय?"

पुण्यातला दुकानदार गिऱ्हाइकाला ओळख देत नाही यात बातमी कसली, असं तुम्ही म्हणाल. खरं सांगू का, माझा धंदा त्याच समजुतीवर तरलाय. पेठेतलं दुकान आहे, असायचंच, म्हणून लोक सोडून देतात. पण गेल्या महिन्यात जे झालं ते कुणी सोडून दिलं नाही.

माझी मावसबहीण. रविवारी तिच्याकडे जेवलो होतो, अळूचं फदफदं दोनदा मागून घेतलं होतं. मंगळवारी ती दुकानात आली. मधल्या एका दिवसात तिने केस मानेपर्यंत कापले होते, आणि एरवी साडीत असते ती त्या दिवशी पंजाबी ड्रेसमध्ये होती. मी पावतीपुस्तक पुढे ओढलं आणि विचारलं, "नाव?" तिला आधी थट्टा वाटली, ती हसली. मी पेन धरून बसलेलोच. "सांगा ना, कुठल्या नावाने टाकलाय?" मग ती म्हणाली, "दादा, हे जरा जास्तच होतंय." 'दादा' या शब्दावर मला आवाज कळला आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. सारवासारव करायला काही उरलंच नव्हतं.

मावशीच्या सगळ्या गोतावळ्यात मी आता शिष्ट. कुणी म्हणालं, दुकान चालायला लागल्यापासून डोक्यात हवा गेलीय.

मला माणसं फ्रेमवरून आठवतात. जाड काळी फ्रेम, उजवी काडी सैल, जवळचा नंबर पावणेदोन, म्हणजे समोरच्या वाड्यातले काका. त्यांनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून चष्मा काढला आणि माझ्या लेखी काका गेलेच. सिनेमात दोन दाढीवाले एका वेळी आले की बायको कोपर मारून सांगते, हा चांगला, तो वाईट. शाळेच्या ग्रुप फोटोत मी कुठला ते मला माहीत आहे, कारण मागे वडिलांनी लिहून ठेवलंय: दुसरी रांग, डावीकडून चौथा.

नजर म्हणाल तर माझी सहा-सहा आहे, दर सहा महिन्यांनी स्वतःच तपासतो. शेवटी मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. एमआरआय स्वच्छ. मग त्यांनी कॉम्प्युटरवर एक चाचणी घ्यायला लावली. त्यात केस आणि कान कापून टाकलेले नुसते चेहरे येतात, आधी दाखवलेला कुठला ते तिघांतून निवडायचं. ७२ पैकी ३७ आले. नुसते अंदाजाने ठोकले तरी २४ येतात. सर्वसाधारण माणूस ५८च्या आसपास जातो म्हणे.

त्यांनी नाव सांगितलं, प्रोसोपॅग्नोसिया. ग्रीकमध्ये 'प्रोसोपॉन' म्हणजे चेहरा. योआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरने १९४७ साली हे नाव दिलं, युद्धात डोक्याला मार बसलेले सैनिक तपासताना. मला मार वगैरे काही बसलेला नाही. मी असाच जन्मलो.

इथे आणखी कुणी आहे का असं?

शनिपारचा_चहा | मंगळवार, रात्री १०:५१

दुकानाचा पत्ता द्या. उधारी ठेवून बघावी म्हणतो. (हलकेच घ्या.)

शंकेखोर | मंगळवार, रात्री ११:२०

अहो, हे सगळ्यांनाच होतं. माझं वय छप्पन. परवा लक्ष्मी रोडला एक जण गळ्यात पडला, दहा मिनिटं बोलला, वहिनींना नमस्कार सांगा म्हणाला. अजून मला त्याचं नाव आठवत नाही. पूर्वी याला विसराळूपणा म्हणत. हल्ली कशालाही ग्रीक नाव दिलं की आजार होतो आणि माणूस सुटतो.

पर्वतीपायथा | मंगळवार, रात्री ११:३४

शंकेखोर, एक विचारतो. तो गळ्यात पडला तेव्हा 'याला कुठेतरी पाहिलंय' असं तुम्हाला वाटलं की नाही?

शंकेखोर | मंगळवार, रात्री ११:३६

वाटलं की. म्हणून तर दहा मिनिटं उभा राहिलो.

पर्वतीपायथा | मंगळवार, रात्री ११:३७

तेच. मला ते वाटत नाही.

लोहचुंबक | बुधवार, सकाळी ७:१५

मी एमआरआय विभागात तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नाही. तेव्हा माझं बोलणं सल्ला म्हणून घेऊ नका, रात्रपाळीतला वाचनाचा नाद समजा.

शंकेखोर आणि पर्वतीपायथा दोन निराळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत. विकी ब्रूस आणि अँडी यंग या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये याचा एक जिना मांडला. आधी चेहऱ्याची ठेवण वाचायची. मग 'हा पाहिलेला आहे' ही खूण पटायची. मग तो कोण, कुठला, आपला त्याचा काय संबंध ते आठवायचं. नाव अगदी शेवटच्या पायरीवर. म्हणून 'बँकेत होते, मुलगा अमेरिकेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पण नाव...' असं आपल्याला नेहमी होतं. समोर चेहरा असताना नाव आठवलं पण हा कोण ते सुचेना, असं उलटं सहसा होत नाही. शंकेखोर शेवटच्या पायरीवर अडखळलेत. पर्वतीपायथांचा जिना खालूनच तुटलेला आहे.

नाव हे मुळात नाठाळ प्रकरण. १९८७ च्या एका प्रयोगात लोकांना अनोळखी चेहरे दाखवून काहींबद्दल आडनाव सांगितलं, काहींबद्दल धंदा. शब्द तोच. आपल्याकडे म्हणजे 'यांचं आडनाव सुतार' आणि 'हे सुतारकाम करतात' असं समजा. धंदा लोकांच्या लक्षात राहिला, आडनाव उडालं. धंद्याला रंधा, भुसा, लाकडाचा वास असं काय काय चिकटतं. आडनावाला काहीच चिकटत नाही.

आता मेंदूतली जागा. मेंदूच्या तळाशी, कानाच्या जरा मागच्या बाजूला फ्युसिफॉर्म नावाची एक वळी आहे. १९९७ मध्ये नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी एफएमआरआयवर (मेंदूचा कुठला भाग कधी कामाला लागतो ते दाखवणारं स्कॅन) दाखवलं की तिच्यातला एक लहानसा भाग घरं, हात, वस्तू बघताना जेवढा जागा होतो त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त चेहरा बघताना होतो. बहुतेकांत उजव्या बाजूचा जास्त. डोक्याला इलेक्ट्रोड लावून बघितलं तर चेहरा दिसल्यावर १७० मिलिसेकंदांच्या आसपास एक ठरलेली लाट उमटते. सेकंदाचा सहावा भाग. म्हणजे 'कोण बरं हा' असं मनाशी म्हणायच्या आत हा चेहरा आहे हे ठरून गेलेलं असतं.

आणि माझा सगळ्यात आवडता किस्सा २०१२ चा, अमेरिकेत स्टॅनफर्डचा. अपस्माराच्या एका रुग्णाच्या मेंदूत तपासणीसाठी इलेक्ट्रोड बसवलेले होते. याच भागात बारीकसा विद्युतप्रवाह सोडला तर त्याला समोरच्या डॉक्टरांचा चेहरा बदलताना दिसला, दुसराच कुणीतरी होऊन गेला. कपडे तेच, खोली तीच, फक्त चेहरा गेला. प्रवाह बंद, चेहरा परत.

जन्मजात प्रकारात मात्र आमच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये काही सापडत नाही. 'एमआरआय स्वच्छ' म्हणजे 'तुम्ही नाटक करताय' असं नाही. जर्मनीतल्या २००६ च्या एका पाहणीत असे लोक अडीच टक्क्यांच्या आसपास निघाले. आणि हे घराण्यातून येतं असं बरेचदा दिसतं.

दहीपोहे | बुधवार, सकाळी ८:०२

अडीच टक्के म्हणजे चाळिसात एक! आमच्या सोसायटीतच पाच-सहा निघतील. आता समजलं, लिफ्टमधल्या त्या बाई भिंतीकडे का बघतात.

शनिपारचा_चहा | बुधवार, सकाळी ८:०५

दहीपोहे, त्या बहुतेक खरंच शिष्ट असतील. पुण्यात तेही प्रमाण बरं आहे.

पर्वतीपायथा | बुधवार, सकाळी ९:४८

लोहचुंबक, 'घराण्यातून येतं' हे वाचून दुकानाचं शटर अर्धं वर करून तसाच थांबलो.

माझे वडील गल्ल्यावर बसून येणाऱ्या प्रत्येकाला "या साहेब", "या वहिनी" म्हणायचे. चाळीस वर्षं येणाऱ्यालाही. कुणालाच कधी नावानं हाक मारली नाही. लोक म्हणायचे, काय अदब आहे माणसाला. मलाही तसंच वाटायचं. आणि ते गिऱ्हाइकाची जुनी पावती आधी हातात घ्यायचे, मगच बोलायला लागायचे.

त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.

निवृत्त_मास्तर | बुधवार, सकाळी ११:३०

मी दुसऱ्या टोकाचा. पर्वतीपायथा, तुमची हरकत नसेल तर लिहितो.

पेठेतल्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. पाचवीत माझ्या वर्गात असलेला मुलगा आता पन्नाशीचा, टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं, स्वारगेटला बसमध्ये चढतो आणि तो चढत असतानाच मला कळतं. फार काय, ज्या कंडक्टरने मला एकदाच, १९९४ साली कात्रजच्या बसमध्ये सुटे पैसे दिले नव्हते, तो परवा सारसबागेत भेळ खाताना दिसला. बटाटे आणायला सांगितलेलं मात्र विसरतो, तेव्हा ही काही दांडगी स्मरणशक्ती नव्हे.

नातीनं शोधून सांगितलं की यालाही नाव आहे, सुपर रेकग्नायझर. २००९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा काही माणसांवर निबंध लिहिला. लंडनच्या पोलिसांनी तर अशा शिपायांचं एक पथकच उभं केलं. सीसीटीव्हीतल्या धुरकट चित्रातला चोर पुढे कुठल्या गर्दीत दिसला तर ते ओळखतात.

तुम्हाला वाटेल, मजा आहे. मला तसा अनुभव नाही. बसमध्ये मी जर म्हणालो, "काय रे, तू अमक्याचा धाकटा ना, मधल्या सुट्टीत चिंचा खायचास," तर माणूस आधी हसतो आणि मग एक पाऊल मागे सरकतो. एका बाईंना मी सांगितलं की तुम्ही गेल्या डिसेंबरात सवाईला माझ्या पुढच्या रांगेत होतात. त्यांनी पर्स छातीशी धरली. तेव्हापासून मी गप्प बसतो. ओळख पटलेली असते, पण समोरच्याने दाखवेपर्यंत मी दाखवत नाही. तुम्हाला ओळख पटतच नाही आणि मी पटलेली लपवतो. लोकांच्या लेखी दोघेही शिष्टच.

रंगपेटी | बुधवार, दुपारी २:१०

हौशी नाटकांना रंगभूषा करते. पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत भरतच्या विंगेत वीस-वीस पोरांची तोंडं एका संध्याकाळी रंगवलेली आहेत. तेव्हा माझेही चार आणे.

माणूस ओळखू येऊ नये असं करायचं असेल तर नवी मुलं नाकाला मेण लावत बसतात, गालफडं भरतात. मी म्हणते, भुवया झाका. साबण घासून केस बसवायचे, वर पॅनकेक थापायचं, आणि नवी भुवई अर्धा बोट वर काढायची. झालं, विंगेत स्वतःची आई आली तरी शोधत बसते. हे मला माझ्या गुरूंनी शिकवलं. नंतर कळलं की अमेरिकेतल्या एमआयटीच्या पवन सिन्हांच्या गटाने २००३ मध्ये हेच तपासून पाहिलं. प्रसिद्ध लोकांच्या फोटोंतून एकदा डोळे पुसले, एकदा भुवया पुसल्या. भुवया नसलेले चेहरे ओळखायला जास्त जड गेले! डोळ्यांवर एवढ्या कविता झाल्या, भुवईवर एक नाही.

अवांतर: गणपतीच्या कारखान्यात डोळे उघडायचं काम करणारा कारागीर वेगळा असतो. पण तो डोळ्याच्या आधी भुवईची रेघ ओढतो. मी उभी राहून पाहिलंय.

शंकेखोर | बुधवार, दुपारी ४:४५

भुवया, फ्युसिफॉर्म, सगळं मान्य. पण मेंदूत चेहऱ्यासाठी 'वेगळा कप्पा' हे मला पटत नाही. चेहरा हीसुद्धा एक वस्तूच. रोज हजार बघतो म्हणून सवय होते, एवढंच. सोनार दागिना ओळखतो तसं.

लोहचुंबक | बुधवार, संध्याकाळी ६:२०

शंकेखोर, घरी करून बघा. पेपरातला कुणाचाही मोठा, समोरून काढलेला फोटो घ्या. दोन्ही डोळे आणि तोंड चौकोनात कापा, ते तुकडे तिथेच उलटे करून चिकटवा. आता अख्खा फोटो उलटा धरा, हनुवटी वर. काय वाटतं? मग सरळ करा. पीटर थॉम्पसन यांनी १९८० मध्ये इंग्लंडात यॉर्कला हे मार्गारेट थॅचर यांच्या फोटोवर केलं होतं, म्हणून त्याला थॅचर परिणाम म्हणतात.

शंकेखोर | गुरुवार, सकाळी ८:५०

केलं. एका नेत्याच्या फोटोवर केलं, पक्ष सांगत नाही.

उलटा धरला तेव्हा बरा होता. हसरा वगैरे. मी म्हटलं, यात काय विशेष. मग सरळ केला आणि चहा सांडला. राक्षस हो! तोच कागद, तेच तुकडे. सौ. विचारत होत्या, सकाळी सकाळी पेपर उलटा धरून काय वाचताय. त्यांना दाखवला, त्यांनी फोटो केराच्या डब्यात टाकला.

हे का होतं ते सांगा आता.

लोहचुंबक | गुरुवार, सकाळी ९:३०

कारण सरळ चेहरा आपण सुटे भाग जोडून वाचत नाही, अख्खा एका घासात गिळतो. डोळ्यांपासून तोंड किती खाली, नाक कसं बसलंय, हे सगळे संबंध एकदम. उलट्या चेहऱ्यावर ते यंत्र चालतच नाही, मग डोळा सुटा बघायचा, तोंड सुटं बघायचं. सुटं तोंड हसरंच दिसतं. रॉबर्ट यिन यांनी १९६९ मध्येच दाखवलं होतं की उलटं केलं की घरं, विमानं ओळखणंही अवघड होतं, पण चेहऱ्याचं जेवढं नुकसान होतं तेवढं कशाचंच होत नाही. तुमच्या सोनाराचा दागिना उलटा केला तर तो इतका हडबडणार नाही.

पाणकावळा | गुरुवार, सकाळी ११:०५

थांबा, शंकेखोर अगदीच हरलेले नाहीत. मी पक्षी बघतो, पाषाण तलावावर रविवारी पहाटे जी टोळकी गळ्यात दुर्बिणी घालून उभी असतात त्यांतला एक. मला दोन वटवट्यांमधला फरक पातं लवायच्या आत कळतो, का ते सांगता येत नाही. इझाबेल गोतिए आणि मंडळींनी २००० मध्ये पक्षी आणि मोटारगाड्या ओळखणाऱ्या जाणकारांना एफएमआरआयमध्ये घातलं. आपापल्या विषयातली चित्रं बघताना त्यांचा हाच 'चेहऱ्याचा' भाग जास्त चेतला. म्हणजे जागा चेहऱ्याची की जाणकारीची, यावर त्या मंडळींत वर्षानुवर्षं जुंपलेली आहे.

पण दुसऱ्या बाजूचाही एक भारी किस्सा आहे. ब्रिटनमध्ये एका माणसाला पक्षाघातानंतर चेहरे ओळखू येईनासे झाले, अगदी घरच्यांचेसुद्धा. त्यानं पुढे मेंढ्या पाळल्या. आणि मेंढ्यांचे चेहरे तो शिकला! फोटो दाखवून तपासलं तर मेंढ्या ओळखत होता, माणसं नाही. १९९३ मध्ये हे प्रसिद्ध झालं, रुग्णाचा उल्लेख फक्त डब्ल्यू. जे. असा आहे. दिवाळीनंतर घाटाकडून उतरणारे धनगर बघा, तीनशेच्या कळपातली नेमकी लंगडणारीची आई कुठली ते सांगतात. आणि मेंढ्याही काही कमी नाहीत. केंब्रिजजवळच्या बाब्रॅहममध्ये २००१ साली दाखवलं की मेंढीला पन्नास दुसऱ्या मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षं लक्षात राहतात.

शनिपारचा_चहा | गुरुवार, सकाळी ११:१२

म्हणजे पर्वतीपायथांच्या दुकानात मेंढी बसवली तर धंदा वाढेल.

पर्वतीपायथा | गुरुवार, सकाळी ११:१५

उधारी मात्र तीही देणार नाही.

दहीपोहे | गुरुवार, रात्री ९:४०

काल मी लिफ्टवरून चेष्टा केली. आज जरा वेगळं लिहिते.

माझी आजी शेवटची दीड वर्षं आमच्याकडे होती, विसर पडायचा आजार. ती बाबांना ओळखायची नाही असं मी म्हणणार होते, पण तसं नव्हतं. ती म्हणायची, "हा अगदी आमच्या अण्णासारखा दिसतो हो. तसंच नाक, तसाच तीळ. पण हा तो नव्हे. अण्णा कुठेय?" बाबा समोर बसून रडायचे आणि ती त्यांचं सांत्वन करायची, 'कुणाचा कोण बिचारा' म्हणून. पण बाबांनी ऑफिसातून फोन केला की आवाज ऐकून म्हणायची, "अण्णा, लवकर ये रे, घरात एक परका माणूस येऊन बसतो."

मग आईनं युक्ती काढली. बाबा आल्यावर आधी दाराबाहेरच उभे राहायचे, चपला काढता काढता मोठ्याने बोलायचे, आजी "आलास का" म्हणाली की मग आत यायचे. कधी चालायचं, कधी नाही. बघितलं की परत परके.

हे पर्वतीपायथांसारखंच काही होतं का?

लोहचुंबक | गुरुवार, रात्री ११:५५

दहीपोहे, याला काप्ग्रा भ्रम म्हणतात, झोझेफ काप्ग्रा या फ्रेंच डॉक्टरने १९२३ मध्ये पहिल्यांदा नोंदवला. पर्वतीपायथांच्या तक्रारीचं हे आरशातलं प्रतिबिंब आहे, असं मानसशास्त्रज्ञ एलिस आणि वर आलेलेच यंग यांनी १९९० मध्ये मांडलं.

ओळखण्यात दोन धागे असतात. एक सांगतो हा कोण. दुसरा आतून हलवतो, आपलं माणूस दिसल्यावर पोटात जे होतं ते. १९८४ मध्ये बावर नावाच्या संशोधकांनी चेहरे न ओळखणाऱ्या एका रुग्णाच्या बोटांना त्वचेतला घाम मोजणारं यंत्र लावलं. त्याला एक फोटो दाखवून नावं वाचली. 'कोण ते माहीत नाही' असंच तो म्हणत होता, पण बरोबर नाव आलं की घाम वाढत होता. पहिला धागा तुटलेला, दुसरा शाबूत. काप्ग्रात उलटं. चेहरा तंतोतंत जुळतो, तीळसुद्धा जुळतो, पण आत काही हलत नाही. मग मेंदू त्यातल्या त्यात पटेल असं उत्तर काढतो: दिसतो तसाच, म्हणजे कुणीतरी सोंग घेतलंय. आवाजाची वाट निराळी आहे, ती बऱ्याचदा शाबूत राहते. तुमच्या आईंनी बरोबर तीच वाट धरली, कुणी न सांगता.

दहीपोहे | शुक्रवार, सकाळी ६:३०

बाबांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत. फिरायला गेलेत.

शंकेखोर | शुक्रवार, सकाळी १०:२०

दहीपोहे, नमस्कार सांगा त्यांना.

माझी शंका आता एकच. ही चेहऱ्याची विद्या इतकी उपजत आणि अचूक, तर मागच्या आठवड्यात बँकेतल्या पोरीने माझ्या आधार कार्डाकडे बघून "काका, हे तुम्ही वाटत नाही" का म्हणावं? घरी विचारलं तर सगळे म्हणाले, अगदी तुम्हीच.

पाणकावळा | शुक्रवार, सकाळी १०:५५

कारण घरचे तुम्हाला ओळखतात आणि ती ओळखत नाही. ग्लासगोच्या रॉब जेंकिन्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये चाळीस फोटोंची चवड लोकांपुढे ठेवली आणि म्हणाले, माणसागणिक ढीग करा. ब्रिटिश लोकांनी सरासरी सात-आठ ढीग केले. फोटो होते दोनच बायकांचे, नेदरलँड्समध्ये प्रसिद्ध असलेल्या. डच लोकांनी चटकन दोन ढीग करून दिले. परका चेहरा म्हणजे आपल्याला फक्त तो एक फोटो दिसत असतो. आणि हे रोजचं काम असणाऱ्यांनाही सुटत नाही. ऑस्ट्रेलियातल्या पासपोर्ट अधिकाऱ्यांना २०१४ मध्ये तपासलं तर समोर भलताच माणूस असताना १४ टक्के वेळा त्यांनी 'हाच तो' म्हणून पुढे सोडला. नोकरी किती वर्षांची, याने काही फरक पडला नाही.

कोथरूडकरीण | शुक्रवार, दुपारी ३:१५

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मंगळवारपासून हा धागा वाचतेय आणि डोक्यात एकच घोळतंय.

माझी मुलगी सात वर्षांची. शाळा सुटताना गेटवर आम्ही पंधरा-वीस आया असतो, सगळ्या ॲक्टिव्हावर, सगळ्यांच्या तोंडाला स्कार्फ, वर गॉगल, अंगात सनकोट. माझी मुलगी तशी हुशार आहे, पाढे घडाघड म्हणते. पण गेटमधून बाहेर आली की उभी राहते. मी हात केला तरी येत नाही. बाकीची पोरं धावत जातात. मला वाटायचं स्कार्फमुळे होत असेल. पण एकदा मी केस धुऊन मोकळे सोडून, स्कार्फ काढून उभी होते, तर ती माझ्या समोरून पुढे गेली आणि दुसऱ्याच एका बाईंपाशी थांबली. मागच्या महिन्यात तर आठवडाभर रोज गेटपाशी रडत होती. वर्गात काही झालं असेल म्हणून मी शाळेत जाऊन तिच्या बाईंना नाही नाही ते विचारून आले.

हे असू शकतं का? की मी उगाच काहीतरी चिकटवतेय?

लोहचुंबक | शुक्रवार, संध्याकाळी ५:००

इथे बसून कुणी सांगू नये. बालरोगतज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा, लहान मुलांसाठीही चाचण्या असतात. आधी डोळे तपासून घ्या.

एवढं सांगतो की चेहरे वाचणं काही अंशी जन्मतः येतं आणि बरंचसं पहिल्या काही महिन्यांत घडतं. सहा महिन्यांच्या बाळांना माकडांचे चेहरेसुद्धा एकमेकांपासून वेगळे ओळखता येतात, नऊ महिन्यांच्यांना ते जमत नाही, असं २००२ मध्ये दिसलं. जे रोज बघायचं त्यावर नजर बसते आणि बाकीचं सुटतं.

पर्वतीपायथा | शुक्रवार, रात्री १०:३०

डोळ्यांचं मी सांगू शकतो, दोन ओळींत. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलांवर उशिरा शस्त्रक्रिया करून दृष्टी देणारा 'प्रकल्प प्रकाश' दिल्लीत चालतो, वर भुवयांमध्ये आलेल्याच पवन सिन्हांचा. त्या मुलांना पट्टी सुटल्यावर 'हा चेहरा आहे आणि हा नाही' एवढं कळायलाही काही महिने जावे लागतात. तेव्हा तपासणी आधी करून घ्या. दुकानात आणलीत तर मी पैसे घेणार नाही, फक्त आल्यावर 'कोथरूडकरीण' असं म्हणा.

आता दुसरं. ताई, तिला रागावू नका, आणि 'मला ओळखलं नाहीस?' असं तर मुळीच विचारू नका. माझं लहानपण त्या एका प्रश्नाला घाबरण्यात गेलं. लग्नात कुणी गालगुच्चा घेऊन "ओळखलंस का मला? सांग बघू मी कोण!" म्हणालं की मी आईच्या पदरामागे. सगळे म्हणायचे, लाजाळू आहे. लाज कसली, परीक्षा होती आणि मला प्रश्नपत्रिकाच दिसत नव्हती.

तिला सरळ विचारा: गर्दीत आई कशावरून शोधतेस? तिच्याकडे काहीतरी उत्तर असणार. आमच्यासारख्यांकडे असतंच.

निवृत्त_मास्तर | शुक्रवार, रात्री १०:५०

माझ्याही वर्गात असं एखादं लेकरू असणार. दोन वर्षं एका मुलाला मी 'समोरून गेलं तरी नमस्कार करत नाही' म्हणून बाकावर उभं केलेलं आहे. त्याचा चेहरा अर्थातच मला लख्ख आठवतो.

कोथरूडकरीण | शनिवार, दुपारी १:४०

विचारलं. काल रात्री, झोपताना, सहज विचारल्यासारखं.

म्हणाली, "मी चप्पल बघते. निळ्या पट्ट्याची आई."

मी उठून बसले. मागच्या महिन्यात मी तुळशीबागेतून नव्या चपला घेतल्या, तपकिरी. ज्या आठवड्यात घेतल्या, तोच तो रडण्याचा आठवडा. शाळेतल्या बाईंना आज फोन करून माफी मागितली.

डोळ्यांच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतलीय. जुन्या चपला टाकल्या नव्हत्या, माळ्यावरून काढल्या. एकीचा अंगठा तुटलाय, आजच चांभाराकडे टाकते.

पर्वतीपायथा | शनिवार, दुपारी १:५२

अंगठा शिवून घ्या. पट्टे झिजलेले दिसले तर तो बदलून देतो म्हणेल, तेवढे बदलू देऊ नका.